चाकाच्या एका फेऱ्यात एक वीत

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वाईट आहे. ओळ डावीकडून सुरू होते ती उजवीकडे जाईपर्यंत खाली घसरते. चवथीनंतर शाळा सुटली, आणि मग हातात पेन आलं ते कधीमधी. त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर त्याने अक्षराला खुशाल हसावं. आकड्यांना हसू नये. आकडे मी दोनदा तपासले आहेत.

मी बोलणारी बाई नाही. विहारात सगळ्यांसोबत वंदना म्हणते, तीसुद्धा शेजारी बसलेलीला ऐकू जात नाही. घरी पाहुणे आले की चहा दारापर्यंत नेते आणि कप हे घेऊन जातात. हे म्हणजे माझे घरचे. ट्रकवर ड्रायव्हर आहेत, बारा चक्क्यांच्या, म्हणजे बारा चाकांच्या. आमचं गाव कोरपन्याच्या बाजूला आहे. इथल्या कारखान्यातून सिमेंट भरायचं आणि चंद्रपूर, गडचिरोली करत धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गोदामात उतरवायचं. परत येताना गाडी रिकामी. महिन्याला अशा दहा खेपा होतात.

ज्याच्या घरी ड्रायव्हर नाही त्याला ॲव्हरेज म्हणजे काय ते माहीत नसतं, म्हणून लिहिते. एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, तो आकडा म्हणजे ॲव्हरेज. निघताना टाकी काठोकाठ भरायची. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले तितके जळले. मीटरवरचे किलोमीटर त्या लिटरने भागायचे. आमच्या शेठने जाऊन-येऊन साडेतीन ठरवलं होतं. साडेतीनच्या खाली आलं की जितकं डिझेल जास्त जळलं ते 'शॉर्ट', आणि शॉर्टचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून.

पैसे जातात ते जातात. त्याहून वाईट म्हणजे शॉर्ट निघालं की माणूस चोर ठरतो. ड्रायव्हर डिझेल विकतात, हे सगळ्या जगाने धरून ठेवलेलं आहे. काही विकतही असतील. पण आमचे हे तेरा वर्षं त्याच शेठकडे होते आणि कधी दोन लिटरच्या वर शॉर्ट आलं नव्हतं.

त्या दिवाळीनंतर यायला लागलं. प्रत्येक खेपेला सात लिटर, आठ लिटर. एखाद्या वेळी आलं असतं तर वाटलं असतं, वारा असेल, रस्त्याचं काम चालू असेल. पण प्रत्येक खेपेला तेवढंच. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब ठेवणारा मुन्शी बसतो, तो पाच माणसांसमोर म्हणाला,

"काऊन भाऊ, ढाब्यावाल्याची म्हैस डिझेल पिऊन राह्यली का?"

सगळे हसले. यांनी घरी येऊन मला ते हसतच सांगितलं, पण जेवले नाहीत.

गावातही पोचलं. पाणी भरताना एक बाई माझ्याकडे न बघता दुसरीला म्हणाली, "ड्रायव्हरच्या घरी काय कमी व! डिझेलची एक डबकी इकली का हप्ता निघते." मी पाण्याचा गुंड भरला आणि घरी आले. रस्ताभर मनात दहा उत्तरं दिली.

खरं लिहायचं आहे तर हेही लिहिते. एके दिवशी मी यांच्या शर्टाचे खिसे तपासले. डिझेल विकल्याचे पैसे कुठे ठेवतात का, ते बघायला. खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी आणि पंपाची पर्ची निघाली. मागे वळले तर हे दारात उभे होते.

"तूबी?" एवढंच म्हणाले.

त्याची लाज मला अजून आहे. पुढे मी जे काही केलं त्यात त्या एका शब्दाचा हात होता.

फेब्रुवारीत एका दुपारी हे खुशीत घरी आले. हातपाय धुतले, आणि मी न विचारता सांगितलं, "आज साडेतीन बसलं. शॉर्ट नाई."

"कसं बसलं?"

"बसवलं."

"तेच इचारून राह्यली. कसं?"

बराच वेळ टॉवेलने तोंड पुसत राहिले. मग म्हणाले, "उतारावर न्यूट्रल. चाबी बंद."

मी ड्रायव्हरची बायको आहे, मला ते समजलं. उतार आला की गाडी गिअरमधून काढायची आणि इंजिनच बंद करायचं. भरलेली गाडी आपल्या वजनाने पळत सुटते, डिझेल लागत नाही. पण इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, तेही मग नसतं. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेक हवेवर चालतात, आणि इंजिन बंद असलं की ती हवा पुन्हा भरत नाही. दोन-चार वेळा ब्रेक दाबला की संपली. धानोऱ्याच्या पुढे जंगलात उतार आहेत, वळणं आहेत, आणि रस्त्यावर गुरं बसलेली असतात. मागे सिमेंटच्या गोण्या आणि पुढे माणूस काचेजवळ बसलेला.

"किती दिवसापासून?"

"पंधरा-वीस दिस झाले. सगळेच मारतात न्यूट्रल. तुले कायले घोर?"

"उद्यापासून मारायचं नाई."

"मंग शॉर्ट तू भरशीन?"

"शॉर्ट निंघाले तर निंघू द्या. तुमी डिझेल इकत नाई ना? मंग चोरासारखं जीव गहाण टाकून काऊन वाचवता?"

लग्नानंतर एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच बोलले असेन. त्यांनाही ते सहन झालं नाही. म्हणाले, "लय समजते तुले? मंग तूच चाल गाडीत. बस टाकीवर. पाह्य, कुठी जाते डिझेल."

हे टोमण्याने म्हणाले होते. मी म्हटलं, "चाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रकच्या केबिनमध्ये चढले. तेरा वर्षांत कधी चढले नव्हते. एवढ्या उंचावर बसलं की रस्त्यावरची सगळी माणसं वर बघतात. समोरून येणारे ड्रायव्हर केबिनमध्ये बाई बघून हॉर्न मारत होते. एकाने तर हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदर ओढला आणि डाव्या खिडकीतून खाली बघत बसले. समोर बघायचंच नाही असं ठरवलं.

डावीकडे खाली बघितलं की काय दिसतं? शेताचा धुरा, नाली, आणि किलोमीटरचे दगड.

माझं माहेर कुरखेड्याकडचं. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही तेंदूपत्ता तोडायचो. सत्तर पानांचा एक पुडा. फळीवर, म्हणजे पुडे विकायच्या जागी, तिथला मुन्शी कोणताही पुडा उघडून मोजायचा, एक पान कमी निघालं तरी बाजूला फेकायचा. त्यामुळे समोर काही ओळीने आलं की माझे ओठ आपोआप मोजायला लागतात. दगड यायला लागले तसे मी मोजत गेले. चंद्रपूर सोडल्यावर एका दगडावर 'गडचिरोली ६०' होतं. तेव्हा सहज मीटरकडे बघितलं आणि शेवटचे तीन आकडे पंपाच्या पर्चीमागे लिहिले. मग पुन्हा खिडकीत. 'गडचिरोली १०' आलं तेव्हा परत बघितलं. साठातून दहा गेले पन्नास. मीटर सत्तेचाळीसच पुढे गेलं होतं.

मला वाटलं, माझीच वजाबाकी चुकली. पर्चीवर परत केली. सत्तेचाळीस. यांना काही सांगितलं नाही. चवथी शिकलेली बाई आणि एवढं मोठं यंत्र, यात चूक कोणाची असणार ते कोणीही सांगेल.

धानोऱ्याच्या पुढे उतार आला तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्या हाताकडे बघत होते. हात गिअरवर होता. गिअर खालचा पडला, इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी हळूहळू उतरू लागली. एवढ्यात मागून एक भरलेला ट्रक आमच्या बाजूने पुढे निघून गेला. त्याच्या इंजिनाचा आवाजच नव्हता. नुसता टायरचा सरसर आवाज आणि ताडपत्रीचा फडफडाट. एवढं मोठं धूड आवाजाशिवाय खाली जाताना मी पहिल्यांदा बघितलं. वळणावर त्याचं मागचं चाक रस्त्याच्या बाहेर मुरमात गेलं आणि परत वर आलं.

"असेच जात होते तुमी?" मी विचारलं.

यांनी गिअर आणखी एक खाली टाकला.

परतीच्या रस्त्यावर मी पुन्हा मोजलं. येताना डावीकडच्या दगडांवर चंद्रपूर लिहिलेलं असतं. 'चंद्रपूर ७०' पासून 'चंद्रपूर २०' पर्यंत. पन्नास. मीटर सत्तेचाळीस. आता मात्र मी सांगितलं. हे आधी चिडले. "मीटर खराब असंन," म्हणाले. मग म्हणाले, "खराब असतं तं बंद पडलं असतं. जाता-येता बराबर तीनच कमी कसं दाखवंन?"

चंद्रपूर यायच्या आधी एका पंक्चरवाल्याकडे हवा बघायला थांबलो. म्हातारा माणूस, बिहारकडचा, पण तीस वर्षं इथेच आहे. यांनी त्याला हसत हसत सांगितलं, "भाऊ, आमची बाई म्हणते मीटर चोर हाय."

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या चाकाला पाय लावला.

"ये टायर कब डाले?"

"दिवाळीले. शेठनं खाणीच्या टिप्परचे आणले, आतल्या लोखंडी डिस्कसकट. सस्त्यात भेटले."

"पहिले इससे छोटे होते ना?" मग तो माझ्याकडे वळून मराठीत बोलला, "बाई, मीटर किलोमीटर नाई मोजत. चाकाचे फेरे मोजते. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात गाडी जास्त गेली. मीटरले काय मालूम? त्याले जुनंच चाक वाटते."

म्हणजे गाडी पूर्ण रस्ता चालत होती, डिझेल पूर्ण रस्त्याचं जळत होतं, आणि मीटर मात्र रस्ता कमी सांगत होतं. भागाकारात शॉर्ट निघणारच. आणि ते शॉर्ट भरून काढायला माझा माणूस रोज चाबी बंद करून डोंगर उतरत होता. शेठने स्वस्तात टायर घेतले होते, त्याची बाकीची किंमत अशी आमच्याकडून चालली होती.

हे म्हणाले, "मी सांगतो मुन्शीले कधीतरी." मला यांचं कधीतरी माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मीच ऑफिसात गेले. हे माझ्या मागून आले, चार पावलं अंतर ठेवून.

ऑफिसात शेठ होते, मुन्शी होता, दोन-तीन ड्रायव्हर पर्चीसाठी उभे होते. मुन्शी म्हणाला, "या बाई. उचल पाह्यजे का?"

"नाई," मी म्हटलं. "टायर पाह्यजे. जुना."

ऑफिसच्या मागे जुने टायर एकावर एक पडलेले होते. हिशोब तोंडाने सांगायला गेले असते तर मी तिथेच रडले असते. म्हणून मी रात्रभर नाही, पण सकाळी भाकरी करताना विचार करून आले होते. यांना म्हटलं, डिस्कसकट असलेला एक जुना टायर आणा. मुन्शीच्या खिशात तंबाखूच्या चुन्याची डबी होती, ती मागितली. त्याने गंमत म्हणून दिली. टायरला चुन्याची एक रेघ मारली, खाली फरशीवर त्याच जागी एक रेघ मारली, आणि हे टायर ढकलत गेले. टायरवरची रेघ पूर्ण गोल फिरून परत खाली आली तिथे दुसरी रेघ. मग गाडीची स्टेपनी काढली, ती नव्यातलीच होती. पहिल्याच रेघेपासून तीही एक फेरा फिरवली. ती दुसऱ्या रेघेच्या पुढे गेली, तिथे तिसरी रेघ.

मी खाली बसले आणि शेवटच्या दोन रेघांच्या मधात हात ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एक वीत, पूर्ण.

ऑफिसातून सगळे बाहेर आले होते. कोणी हसत नव्हतं. मुन्शीने मात्र प्रयत्न केला. "शिकल्या किती तुमी, बाई?"

"चवथी."

"चवथीत टायर शिकवते का?"

"नाई. वजाबाकी शिकवते."

शेठ खुर्चीतून उठून दारापर्यंत आले. "एक वीत! अरे, एका वितीनं काय होते?"

"एका वितीनं काई नाई होत, शेटजी," मी म्हटलं. आवाज माझाच होता, मला ओळखू आला नाही. "पण चाक एकच फेरा घेते का? इथून धानोऱ्यापर्यंत किती फेरे होतात ते तुमी मोजा. मीटर फेरे मोजते, वीत मोजत नाई. दिवाळीपासून त्या वितीचे पैसे तुमी आमच्या पगारातून काटून राह्यले."

शेठ हुशार माणूस. त्यांनी लगेच आवाज खाली आणला. "ठीक हाय. पुढच्या महिन्यापासून ॲव्हरेज सव्वातीन धरू. मागचं सोडून द्या."

यांनी माझा पदर मागून ओढला. मागचं सोड, चाल घरी, असा त्याचा अर्थ.

"मागचं डिझेल तुमच्या गाडीत जळलं," मी म्हटलं. "आमच्या घरी चूल लाकडावर हाय. मागचं सोडनार नाई."

"मंग उद्यापासून गाडीवर येऊ नको," शेठ यांना म्हणाले. माझ्याशी नाही, यांच्याशी.

बारा दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मीही मनवलं नाही. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, मी मजुरीने जात होते. तिसऱ्या दिवसापासून हेही यायला लागले. ट्रकचं स्टिअरिंग धरणाऱ्या हातांना बोंडाचे काटे लागायचे, पण माझ्यासमोर हूं की चूं केलं नाही. मला माहीत होतं, माझ्यामुळे हे घरी बसले. हेही माहीत होतं की उतारावरून आवाजाशिवाय जाणाऱ्या गाडीत हे नव्हते. त्या बारा दिवसांत मी एकदाही धसकून फोनकडे बघितलं नाही.

तसलेच टायर शेठच्या आणखी दोन गाड्यांना टाकलेले होते. त्यांचे ड्रायव्हर त्या दिवशी ऑफिसात उभे होते. त्यांनी दगड मोजले. दोघांनाही सत्तेचाळीसच आलं. त्यांनी न्यूट्रल मारणं सोडलं, शॉर्ट पूर्ण येऊ दिलं, आणि शॉर्टच्या कागदावर सही करायला नकार दिला. एकाने मुन्शीला सांगितलं, "त्या बाईनं वजाबाकी केली, आमी बी केली. तुमी बी करून पाहा."

शेवटी शेठ स्वतः आपली कार घेऊन एका ट्रकच्या मागे गेले, चंद्रपूरपासून गडचिरोलीपर्यंत. त्यांच्या कारचं मीटर दगडांशी जुळलं. ट्रकचं जुळलं नाही. हे मला नंतर मुन्शीनेच सांगितलं. त्या संध्याकाळी यांना फोन आला, सकाळी गाडी भरायला ये. ॲव्हरेज आता दगडांवरून धरायचं ठरलं, मीटर दुरुस्त होईपर्यंत. यांनी फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "डबा बांधशीन का उद्या?" बारा दिवसांनंतरचं ते पहिलं बोलणं.

"गिअरमध्ये उतरशान तं बांधते," मी म्हटलं.

"गिअरमध्येच. आता कोनाच्या बापासाठी न्यूट्रल मारू?"

काम परत मिळालं म्हणून हे खूश होते. काटलेल्या पैशांचं नाव काढत नव्हते. शेठही काढत नव्हते. दिवाळीपासूनचे ते चौतीस हजार सहाशे होते. मी विचारलं की हे म्हणायचे, देतील, शेठ म्हणाले देतो. मग मी ठरवलं की आपणच जायचं. मला भांडता येत नाही, पण बसता येतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ऑफिसात गेले आणि बाकावर बसले. मुन्शीने विचारलं काय पाहिजे, तर म्हटलं, शॉर्टचे पैसे. तो म्हणाला, शेठ नाहीत. मी म्हटलं, बसते. बस्स. त्यानंतर एक शब्द बोलले नाही. ड्रायव्हर येत होते, माझ्याकडे बघत होते, पर्ची घेऊन जात होते. माझी कानशिलं लाल झाली होती, मान वर होत नव्हती, पण मी उठले नाही. दुपारी मुन्शीने कंटाळून दहा हजार काढून दिले.

पुढच्या महिन्यात परत गेले. तेव्हा आठ मिळाले. तिसऱ्या महिन्यात काहीच नाही. पूर्ण दिवस बसले, ऑफिसला कुलूप लावताना मुन्शी म्हणाला, "बाई, आता मले बी घरी जायचं हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आधी मी जाऊन दारात उभी होते. त्याने मला बघितलं आणि मोटरसायकलवरून न उतरताच शेठला फोन लावला. त्या दिवशी पुन्हा दहा मिळाले.

चौथ्या महिन्यात राहिलेले सहा हजार सहाशे. मुन्शीने पाचशेच्या बारा नोटा माझ्यासमोर ठेवल्या. "घ्या. वरचे सहाशे सोडा आता, बाई. शेठनं चहापाणी समजून घ्या म्हटलं."

मी नोटांना हात लावला नाही. त्याने चहा मागवला, एक कप माझ्याकडे सरकवला. मी चहाही घेतला नाही. बसले. त्याने आपला चहा संपवला, दोन पर्च्या फाडल्या, एका ड्रायव्हरशी टायरच्या हवेवरून बोलला. मग ड्रॉवर उघडला, त्यात हात घालून बराच वेळ चाळवाचाळव केली आणि शंभराच्या सहा नोटा काढून बाकीच्यांवर ठेवल्या.

मी मोजल्या. सगळे पैसे परत आले होते.